रहमतबीच्या हातावरची वेळ

शेषेराव अण्णा मूळचे निलंग्याचे, पण लातुरात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. औसा रोडला बंगला, शहरात दोन कॉलेजं, एक मुलींचं वसतिगृह, आणि या सगळ्यांचे अध्यक्ष अण्णा. अण्णा प्रसिद्ध होते ते त्यांच्या बसण्यासाठी. असं तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण एकदा खुर्चीत बसले की ते भिंतीवरच्या फोटोसारखे बसायचे. सत्काराचा नारळ त्यांच्या बोटांना नुसता टेकवून दुसराच कुणी पुढं द्यायचा. समईजवळ मेणबत्ती प्राचार्य धरायचे, अण्णा मान हलवायचे, वात पेटली की टाळ्या पडायच्या. फोन शिपाई कानाला लावायचा. फायलीची पानं दुसरा शिपाई उलटायचा. सही आणि जेवण तेवढं ते स्वतः करायचे, दोन्ही उजव्या हातानं. डावा हात सकाळी खुर्चीच्या दांडीवर ठेवला की संध्याकाळी घरी जातानाच उचलायचा.

एकसष्टीला याच डाव्या हातावर घड्याळ आलं. मुलगी सुकन्या आणि जावई परदेशात नोकरीला. त्यांनी स्वित्झर्लंडचं घड्याळ आणलं. जाड, सोनेरी काट्यांचं, आणि पाठीला काच, म्हणजे आतली चाकं फिरताना दिसायची. जावई म्हणाला, "मामा, याला सेल नाही. चावी द्यायचीही गरज नाही. हाताच्या हालचालीवर चालतं."

यातलं अण्णांनी 'चावी द्यायची गरज नाही' एवढंच ऐकलं.

घड्याळ दोन दिवस झकास चाललं आणि एका सकाळी सव्वादहाला थांबलं. त्या दिवशी कॉलेजात संस्थेची बैठक होती. अण्णांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आपल्याकडं लई येळ हाय. सावकाश बोला." माणसं सावकाश बोलू लागली. मधल्या सुट्टीची घंटा अण्णांना विचारून व्हायची. शिपायानं विचारलं, अण्णांनी मनगटाकडं बघून नाही म्हणून मान हलवली. तास चालूच राहिले. गणिताच्या सरांचा धडा संपला, पुढचा संपला, शेवटी त्यांनी पुढच्या वर्षाचं पुस्तक काढलं. पोरांनी दप्तरातल्या दप्तरात डबे उघडले. सगळ्यांच्या खिशात मोबाईल होते आणि मोबाईलमध्ये वेळ होती, पण ती सगळ्या दुनियेची वेळ होती. अण्णांची वेळ अण्णांच्या हातावर होती, आणि तिच्यात सव्वादहा वाजले होते. अंधारून आलं, तेव्हा चौकीदारानं न विचारता दिवे लावले. अण्णा खिडकीकडं बघून म्हणाले, "ढग आलेत वाटतं."

असं दोन-तीनदा झाल्यावर मात्र प्राचार्यांनी, आवाज बारीक करून, घड्याळ एकदा दाखवून घ्यावं असं सुचवलं.

लातूरच्या मोठ्या दुकानदारानं घड्याळ उलटं केलं, काचेतून आत बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "अण्णा, हे उघडायची आपली छाती न्हाई." मग ते मुंबईला कंपनीच्या माणसांकडं गेलं. तिथं घड्याळं फिरवत ठेवायचं मशीन होतं. घड्याळ तिथं बरेच दिवस फिरलं, आणि शिक्क्याचा कागद घेऊन परत आलं: घड्याळ उत्तम आहे. खोकं उघडलं तेव्हा खरंच चालू होतं. अण्णांनी ते हातावर चढवलं, आणि दोन दिवसांत ते पुन्हा गेलं.

"जरा चावी देऊन बघा की," केवळाबाई म्हणाल्या. या अण्णांच्या बायको. घरात अण्णांना उलट विचारणारं तेवढं एकच माणूस.

"चावी द्यायची असती तर स्वित्झर्लंडचं कशाला पायजे होतं? निलंग्याच्या बाजारातलं काय वाईट होतं?"

"मग नांदेडला जिलानीकडं न्या. आमच्या दादांचं भिंतीवरलं घड्याळ त्याच्या बापानं नीट केलतं. अजून टोले देतंय."

केवळाबाईंचं माहेर लोह्याकडचं. तिकडच्या माणसांची घड्याळं नांदेडलाच जायची. अण्णांनी थोडे आढेवेढे घेतले, पण एका सकाळी ड्रायव्हर व्यंकटीनं गाडी काढली आणि अहमदपूर, लोहा करत दुपारपर्यंत ते नांदेडच्या इतवारा बाजारात पोचले.

जिलानीचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट होती. आत जिलानी बसला की गिऱ्हाइकानं रस्त्यावर उभं राहायचं. अण्णा उभे राहणाऱ्यातले नव्हते. व्यंकटीनं समोरच्या हॉटेलातून खुर्ची आणली आणि भर रस्त्यात मांडली. अण्णा बसले. हातगाडे, रिक्षा, एक म्हैस, सगळे अण्णांना वळसा घालून जाऊ लागले.

जिलानी वाळका माणूस, मेंदी लावलेली दाढी, आणि अंगाच्या मानानं आवाज फार मोठा. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, पण घड्याळाला हात लावला नाही. ते रुमालावर ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"झोपतं कुठं?"

"कोण?"

"घड्याळ, अण्णासाब."

"कपाटात."

"एकटंच?"

अण्णांनी व्यंकटीकडं बघितलं. व्यंकटी आभाळाकडं बघत होता. "हाव, एकटंच," अण्णा म्हणाले.

"जेवताना काढता का घालूनच जेवता?"

"घालूनच."

"हं." जिलानीनं भिंग काढलं. "ठेवून जावा. झालं की फोन करतो."

"पावती?"

"पावती कशाला? मी कुठं पळून चाललो? चार पिढ्या झाल्या, इथंच बसून राहिलो आम्ही."

एवढं महाग घड्याळ असं सोडून जायचं अण्णांच्या जिवावर आलं. ते जिलानीला कळलं असावं. तो म्हणाला, "तवर बदली घड्याळ देतो. गिऱ्हाइकाला बिनघड्याळाचं पाठवत न्हाई मी." त्यानं फळीवरून हिरव्या रंगाचं, डोक्यावर दोन घंट्या असलेलं गजराचं घड्याळ काढलं. "मनगटाचं एकच होतं. ते एका मास्तरांनी नेलंय. हे बी चांगलं हाय, फक्त गजर आपल्या मनानं वाजतो."

असं ते गजराचं घड्याळ लातूरला आलं. अण्णा जातील तिथं व्यंकटी ते दोन्ही हातांत धरून मागं चालायचा, आरतीचं ताट धरावं तसा. माजी प्राचार्यांच्या शोकसभेत सगळे मान खाली घालून उभे असताना ते वाजलं. थांबवायचा खटका व्यंकटीला सापडेना. लोकांना वाटलं, श्रद्धांजली संपल्याची ही नवी खूण असेल. सगळे शिस्तीत खाली बसले, आणि पुढच्या सभांना माणसं गजराची वाट बघू लागली.

जिलानीचा फोन काही आला नाही. अण्णांनी करवला तर तो म्हणायचा, "चालू हाय काम." मग संस्थेच्या उपाध्यक्षांच्या मुलाचं लग्न नांदेडला निघालं. दुपारच्या मुहूर्ताचं. अण्णांसाठी वरातीच्या वाटेवर सावलीला खुर्ची टाकली होती. वरात जवळ आली. पुढं ताशा वाजवणारा एक सडपातळ तरुण होता. त्याच्या काड्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज दिसत होता. आणि त्याच्या डाव्या मनगटावर काहीतरी सोनेरी चमकत होतं.

अण्णा खुर्चीतून उठले. कुणी हात दिला नसताना उठले, हे व्यंकटी पुढं कित्येक दिवस लोकांना सांगायचा.

"हे घड्याळ कुणाचंय?" अण्णा त्या पोराच्या कानाजवळ ओरडले.

"जिलानीचाचानं दिलंय!" तोही ओरडला. त्याचं नाव अबुजर. "टेस्टिंग हाय!"

"माझं हाय ते! काढ!"

"काढायला हात थांबवावा लागतंय! हात थांबला तर बँड थांबंल, बँड थांबला तर नवरदेव थांबंल! मुहूर्त तुम्ही धरून ठेवता का?"

मुहूर्त धरून ठेवायला अण्णांकडं ते हिरवं घड्याळ सोडून काही नव्हतं. घड्याळ नजरेआड होऊ द्यायचं नाही म्हणून ते ताशाच्या बाजूनं चालू लागले. वरातीतल्या कुणीतरी आरोळी ठोकली, "अण्णा वरातीत उतरले!" झालं. पोरांनी त्यांना मधी ओढलं, कुणी त्यांचा डावा हात धरून वर केला, कुणी कमरेला धरून गिरकी दिली. बायका गच्चीवरून बघत होत्या. मागून व्यंकटी हिरवं घड्याळ डोक्यावर धरून येत होता. मंडपाच्या दारात पोचले तेव्हा अण्णांचा फेटा मानेवर आला होता आणि छाती भात्यासारखी हलत होती. मजा आली होती. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी घाईघाईनं फेटा सारखा केला आणि चेहरा पूर्वीसारखा करून टाकला.

अबुजरनं काड्या कमरेला खोचल्या आणि घड्याळ काढलं. पण अण्णांच्या हातात दिलं नाही. "चाचानं दिलं, चाचालाच देणार. माल ज्याचा त्याच्या हातात."

तिघंही अक्षता पडल्या पडल्या इतवाऱ्यात गेले. अण्णा तावातावानं बोलायला लागणार, तर जिलानीच भडकला. "टेस्टिंगच्या मधी कामून गेलात तुम्ही? सगळा हिसाब बिघडला."

"माझं घड्याळ ताशेवाल्याच्या हातात घालायचं कुणी सांगितलं?"

"अण्णासाब, मुंबईवाल्यांकडं मशीन हाय. माझ्याकडं माणसं हायत. पयलं मी माझ्याच हातावर घातलं. बंद पडलं! मी तर घाबरून गेलो. बापजाद्यांचं नाव जातंय म्हनलं. दोन दिवस अन्न गोड लागंना. मग मनात आलं, मी पण सकाळपासनं बसूनच राहतो, फक्त बोटं हलतात. म्हणून आपाकडं दिलं. माझी मोठी बहीण, रहमतबी. बस स्टँडमागं खानावळ हाय तिची. दिवसभर भाकऱ्या थापती. तिच्या हातावर असं चाललं, असं चाललं की पुढं पळाय लागलं. मग अबुजरकडं दिलं. एकदम बरोबर. घड्याळात काय बी बिघाड न्हाई."

"मग माझ्याच हातावर कामून बंद पडतंय?"

जिलानीनं डोळ्याला पुन्हा भिंग लावलं. "हात बघू."

अण्णांनी डावा हात पुढं केला, म्हणजे व्यंकटीनं तो उचलून पुढं ठेवला. जिलानीनं मनगट उलटंसुलटं केलं, चिमट्याच्या मागच्या टोकानं कोपरावर ठोकून बघितलं, मग कान लावून नाडी ऐकली. रस्त्यावर पाच-पंचवीस माणसं जमली होती.

"रक्त चालू हाय," तो शेवटी म्हणाला. "हात बंद हाय."

गर्दीतून कुणी हसलं नाही. अण्णांचा चेहरा उतरला. दवाखान्यात बसावं तसे ते बसले होते. "नीट होतो का?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी घड्याळाचा माणूस, अण्णासाब. हाताचं मला कळत न्हाई."

लातूरला परत जाताना अण्णा लोह्यापर्यंत डाव्या हाताकडं बघत राहिले. लोह्यानंतर त्यांना तोडगा सुचला, आणि तो तोडगा आयुष्यभर संस्था चालवलेल्या माणसाला सुचावा तसाच होता. हात आपला बंद असेल तर चालू हाताचा माणूस नेमायचा.

योगायोग असा की मुलींच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण नुकतीच सोडून गेली होती, आणि तिकडं रहमतबीच्या खानावळीची जागा मालकानं परत मागितली होती. संस्थेच्या बैठकीत ठराव झाला: स्वयंपाक विभागात 'वेळ सांभाळणारी' असे एक पद निर्माण करण्यात यावे. विरोध कुणी केला नाही. एका संचालकानं तेवढं विचारलं की या पदाला उन्हाळ्याची सुट्टी लागू आहे का.

रहमतबी आली. साठीच्या आसपासची, हाडापेरानं भक्कम, बोलायला तिखट. तिनं घड्याळ हातावर घेतलं आणि अण्णांना सरळ सांगितलं, "भाकरी माझ्या पद्धतीची. आणि हात धुताना मी हे काढणार न्हाई, उगं इथं तिथं हरवायचं."

आता वेळेची अशी सोय झाली. अण्णांना वेळ पाहिजे असली की शिपाई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात फोन लावायचा. "आपा, अण्णा येळ विचारून राहिलेत." रहमतबीच्या घड्याळाची काच कायम पिठानं भरलेली असायची. ती म्हणायची, "सांग, वरण उतरलं." नाहीतर, "अर्ध्या भाकऱ्या झाल्या म्हणून सांग." शिपाई फोन ठेवून अदबीनं सांगायचा, "अण्णा, वरण उतरलंय." अण्णा मान हलवायचे आणि घंटा व्हायची. अर्ध्या भाकऱ्या झाल्या की मधली सुट्टी, भांडी पालथी पडली की कॉलेज सुटलं. रहमतबीचा हात जोराचा, त्यामुळं घड्याळ पुढं पळायचं आणि सुट्ट्या थोड्या लवकरच व्हायच्या. पोरं खूश. गणिताचे सरही खूश, त्यांचा धडा पुन्हा त्याच वर्षावर आला.

इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण कॉलेज तपासायला बाहेरगावची समिती आली. समितीचे प्रमुख एक गंभीर गृहस्थ होते. वसतिगृह बघताना त्यांना रहमतबी दिसली, तिच्या हातावरचं घड्याळ दिसलं. त्यांनी चौकशी केली. प्राचार्यांना घाम फुटला, पण लपवता येईना, त्यांनी ठराव वाचून दाखवला. प्रमुखांनी तो नीट ऐकला. बाकीचे सदस्य पुढं गेल्यावर ते मागं राहिले, बाही वर केली आणि आपलं बंद पडलेलं घड्याळ काढून रहमतबीपुढं धरलं. "बाई, एवढं चालू करता का?"

गावात बातमी जायला काय लागतं. हाडांचे डॉक्टर आपलं घड्याळ घेऊन आले. एक बिल्डर आले, ते दोन घेऊन आले. निवृत्त न्यायाधीश आले. ज्याच्या ज्याच्या घरी असलं महाग घड्याळ होतं आणि हात हलवायचं काम नव्हतं, तो तो वसतिगृहाच्या मागच्या दारात उभा राहू लागला. मोठी माणसं, नाही म्हणायची सोय नव्हती. रहमतबीचे दोन्ही हात कोपरापर्यंत घड्याळांनी भरले. भाकरी थापली की खुळखुळ्यासारखा आवाज यायचा. शिवाय प्रत्येक घड्याळाची वेळ वेगळी. शिपाई फोनवर वेळ विचारायचा आणि ती म्हणायची, "कुणाची सांगू? डॉक्टरची का जजसाहेबांची?"

एका सकाळी तिनं सगळी घड्याळं काढली आणि रिकाम्या काटवटीत टाकली. ज्या लाकडी काटवटीत ती पीठ मळायची, तीच. मग अण्णांनाच फोन लावायला सांगितला.

"अण्णा, माझे खांदे भरून आले. मी भाकरी करणारी बाई हाय, घड्याळं हाकणारी न्हाई. ज्याचं त्यानं येऊन चालवा."

"आपा, पण..."

"पीठ काढून ठेवते. बाह्या वर करून या म्हणा."

आणि माणसं आली. हे सांगून कुणाला पटत नाही, पण लातूरची अर्धा डझन वजनदार माणसं त्या सकाळी मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसली. हातात घड्याळ आणि पुढं ज्वारीचं पीठ. डॉक्टरांनी रबरी हातमोजे आणले होते, रहमतबीनं ते काढायला लावले. बिल्डरांनी पाणी जास्त ओतलं आणि मग ते पीठ वाढवत गेले, पीठ वाढलं म्हणून पाणी, असं करत त्यांच्यापुढं एक ढिगारा उभा राहिला. न्यायाधीश पिठाकडं बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "पाणी किती घालायचं, याचा निर्णय मी राखून ठेवतो."

अण्णा शेवटी बसले. रहमतबीनं त्यांच्या पिठात गरम पाणी घातलं. अण्णांनी डावा हात पिठावर ठेवला, आणि तो तिथंच राहिला, खुर्चीच्या दांडीवर राहायचा तसा.

"हात हाय का ओंडका?" रहमतबी म्हणाली. "दाबा. तळहातानं पुढं ढकला. आता माघारी आणा."

अण्णांनी दाबलं. पीठ गरम होतं आणि बोटांच्या मधून वर आलं. त्यांनी घाबरून हात काढला, बोटांकडं बघितलं, पुन्हा घातला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. बाकीचे एकमेकांच्या घड्याळांची चौकशी करत होते. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता आणि जीभ दातांच्या मधून थोडी बाहेर आली होती. चौथीतल्या पोराची चित्र काढताना येते तशी.

हे काही दिवस चाललं. मग मुलींनी जेवायचं बंद केलं.

कारण भाकऱ्या खाण्यासारख्या नव्हत्याच. डॉक्टरांची आतून कच्ची, बिल्डरची पायाच्या दगडासारखी. मनिषा मॅडम म्हणून वसतिगृहाच्या अधीक्षक होत्या. त्यांनी एक भाकरी ताटात घेतली, सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि ती जमिनीवर सोडली. ती मोडली नाही.

"उद्यापासून इथं कुणीही बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "अण्णा, तुम्हीसुद्धा. मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना यायला मनाई आहे. नियम तुमच्याच सहीचा आहे."

अण्णांनी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत आपल्याला कुणी हाकललं नव्हतं, हे त्यांना जाणवलं, पण रागच येईना. वाईट मात्र फार वाटलं. बाकीच्यांचं सोपं होतं. ते घरी गेले आणि निमूटपणे चावी देऊन घड्याळं चालवू लागले. अण्णांना घरी जाऊन करायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते वसतिगृहाच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाखाली येऊन बसले. व्यंकटीनं खुर्ची आणली तर म्हणाले, "खुर्ची नगं. काटवट आण."

रहमतबी रोज आतून थोडं पीठ बाहेर पाठवायची. अण्णा मळायचे, थापायचे, व्यंकटी विटांच्या चुलीवर भाजायचा. पहिल्या भाकऱ्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या, मग तालुक्याच्या नकाशासारख्या, मग हळूहळू गोलाकडं येऊ लागल्या. घड्याळ चाललं होतं. पण आता अण्णांना वेळ कुणी विचारायला यायचं नाही, कारण घंटेचं काम प्राचार्यांनी गुपचूप मोबाईलवर नेलं होतं. अण्णांच्या ते लक्षातही आलं नाही.

केवळाबाईंना हे बाहेरून कळलं. त्या रिक्षा करून आल्या. कडुलिंबाखाली धोतराचा काचा मारून बसलेला, कोपरापर्यंत पिठानं माखलेला माणूस त्यांनी थोडा वेळ लांबूनच बघितला. मग जवळ येऊन विटेवर बसल्या.

"घरात कधी पाण्याचा तांब्या उचलला न्हाई तुम्ही."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"वाढा तर मग."

अण्णांनी तव्यावरची भाकरी, ठेचा आणि कांदा त्यांच्यापुढं ठेवला. केवळाबाईंनी तुकडा मोडला, चावला. अण्णा त्यांच्या तोंडाकडं बघत होते. निकालाची वाट बघणाऱ्या पोरांना त्यांनी उभा जन्म बघितलं होतं, पण आतून हे असं असतं याची त्यांना कल्पना नव्हती.

"कडा जाड राहिल्या," त्या म्हणाल्या. आणखी दोन घास खाल्ले. "मीठ बरोबर हाय. दुसरी टाका."

दुसरी थापता थापता अण्णांच्या हातावरचं घड्याळ बंद पडलं. हात चालू होता, जोरात चालू होता, आणि घड्याळ मात्र थांबलं. अण्णांनी मनगट झटकलं. कानाला लावलं. आत काहीतरी खरखरलं, आणि मग तेही नाही.

या खेपेला केवळाबाईसुद्धा नांदेडला आल्या. जिलानीनं भिंग लावलं आणि पाठीच्या काचेतून आत बघितलं.

"पीठ," तो म्हणाला. "ज्वारीचं पीठ. आत! चाकावर! बाजूच्या चावीच्या खिटीतनं गेलंय, लई आतपर्यंत गेलंय." तो उठून उभा राहिला, त्याचं डोकं फळीला लागलं, पण त्याला त्याचं काही नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते. "अण्णासाब, खरा बिघाड झाला! मुबारक हो! आता उघडावं लागंल!"

त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, समोरच्या हॉटेलवाल्याला चहा सांगितला, सगळ्यांना. मग हात धुतले, रुमाल बदलला, बारीक हत्यारं एका ओळीत मांडली आणि पाठीमागचं झाकण सोडवायला घेतलं. गर्दी वाकून बघत होती. झाकण निघालं. जिलानीनं फुंकर मारली आणि थोडंसं पांढरं पीठ उन्हात उडालं.

"किती येळ लागंल?" केवळाबाईंनी विचारलं.

"लागंल तितका लागू द्या, ताई," जिलानी मान वर न करता म्हणाला. "असं काम रोज येत न्हाई."

अण्णा रस्त्यावर उभे होते. खुर्ची कुणी आणली नव्हती आणि त्यांनी मागितलीही नव्हती. हॉटेलवाल्याचा माणूस चहाचे कप घेऊन आला, तेव्हा अण्णांनी त्याच्या हातातला ट्रे घेतला आणि गर्दीत एकेकाला कप द्यायला सुरुवात केली. पहिला कप केवळाबाईंना दिला. तो थोडा सांडला.